नोंद झाली की कोणीतरी दार ठोठावायचं

मागच्या अंकात लंडनमधल्या फिन्सबरी बरोच्या आरोग्य केंद्राची ओळख करून दिली होती. (बरो म्हणजे स्वतःची कौन्सिल असलेलं शहर किंवा शहराचा भाग.) क्षयरोग, दात, पायांची निगा, स्त्रियांचे आजार यांचे दवाखाने आणि अंथरूण-पांघरूण निर्जंतुक करण्याची सोय असं सगळं तिथे एका छताखाली होतं. त्यावर आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरांमधला काळ मुख्यतः १९४८ ते १९६५ असा धरावा.

प्रश्न : १९४८ मध्ये एनएचएस, म्हणजे ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा, आली. मग बरोच्या आरोग्यखात्याकडे काम उरलं तरी काय? (पुणे)

उत्तर : बरंच. ५ जुलै १९४८ पासून सेवेचे तीन वाटे झाले. रुग्णालयं प्रादेशिक मंडळांकडे गेली. फॅमिली डॉक्टर, दंतवैद्य, चष्मे आणि औषधं एक्झिक्युटिव्ह कौन्सिलकडे आली. पगारी सुईण, हेल्थ व्हिजिटर (घरी येऊन बाळ-बाळंतिणीची विचारपूस करणारी), घरी येणारी नर्स, लसीकरण, रुग्णवाहिका आणि घरकामाला मदतनीस हा तिसरा वाटा स्थानिक आरोग्य प्राधिकरणाचा.

हे प्राधिकरण म्हणजे नेमकं कोण, ते बरोच्या प्रकारावर ठरे. लेस्टर किंवा नॉटिंगहॅमसारखी काउंटी बरो (काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कारभारापासून स्वतंत्र असलेलं मोठं शहर) स्वतःच प्राधिकरण होती. वेम्बली ही साधी म्युनिसिपल बरो, त्यामुळे तिथे ही कामं मिडलसेक्स काउंटी कौन्सिलची. फिन्सबरीत ती लंडन काउंटी कौन्सिलकडे होती. मात्र घरांची तपासणी, दूध आणि अन्न, धूर, गटारं आणि संसर्गजन्य रोगांच्या नोंदी सगळ्याच बरोंकडे राहिल्या. म्हणून आरोग्य अधिकाऱ्याचा वार्षिक अहवाल हाती आला की बरो कोणत्या प्रकारची, ते आधी बघा. एखाद्या अहवालात सुईणींचा उल्लेख नसला तर गावात सुईणच नव्हती असा निष्कर्ष काढू नका. तिची नोंद काउंटीच्या अहवालात असते.

प्रश्न : फिन्सबरीच्या केंद्रामागे एक भारतीय डॉक्टर होते, हे खरं का? (नागपूर)

उत्तर : खरं आहे. डॉ. चुनीलाल कटियाल हे फिन्सबरीचे नगरसेवक आणि तिथल्या सार्वजनिक आरोग्य समितीचे अध्यक्ष होते. ल्युबेटकिन यांच्या टेक्टन या वास्तुरचनाकारांच्या गटाला काम देण्यात त्यांचा पुढाकार होता. केंद्र ऑक्टोबर १९३८ मध्ये उघडलं आणि त्याच वर्षी कटियाल बरोचे महापौर झाले. (१९३१ मध्ये गांधीजी आणि चार्ली चॅप्लिन यांची भेट झाली ती त्यांच्याच कॅनिंग टाउनमधल्या घरी.) पुढे ते भारतात आले आणि कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे, म्हणजे आपल्या ‘ईएसआय’चे, पहिले महासंचालक झाले. ही योजना १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली आणि १९५४ मध्ये नागपूर आणि मुंबईत आली.

प्रश्न : बाळ झाल्यावर हेल्थ व्हिजिटर न बोलावता घरी यायची, असं आई सांगते. तिला कळायचं कसं? (ठाणे)

उत्तर : जन्माची सूचना आरोग्य अधिकाऱ्याला ३६ तासांच्या आत लेखी देणं कायद्याने बंधनकारक होतं. जबाबदारी वडिलांची आणि प्रसूतीच्या वेळी हजर असलेल्या माणसाची. प्रत्यक्षात कार्ड बहुधा सुईणच धाडायची. टपालखर्च आधीच भरलेली कोरी कार्डं तिला कौन्सिल पुरवत असे. ही सूचना म्हणजे निबंधकाकडची जन्मनोंदणी नव्हे. त्या नोंदणीला ४२ दिवसांची मुदत असे. वंशावळ शोधणारे पुष्कळ जण या दोन नोंदींची गल्लत करतात.

घरी बाळंतपण झालं असेल तर साधारण चौदा दिवस सुईण येत राही आणि नंतर हेल्थ व्हिजिटरची पाळी सुरू होई. ही प्रशिक्षित नर्स, पण औषधोपचार तिचं काम नव्हतं. पाजणं नीट चाललंय का, वजन वाढतंय का, घरात ओल आहे का, आईची तब्येत कशी आहे, हे ती बघे. घरात शिरण्याचा हक्क कायद्याने तिला दिलेला नव्हता. दार उघडलं जाई ते विश्वासावर, आणि माझ्या मते या सेवेचं खरं बळ तेच.

तिथून बाळ वेल्फेअर क्लिनिकला जाई. तिथे वजन होई आणि नॅशनल ड्राइड मिल्कचे डबे, संत्र्याचा रस आणि कॉड लिव्हर ऑइल मिळे. युद्धकाळात ठरलेला दर असा होता : रसाची बाटली पाच पेन्सला, तेल फुकट. १९५४ पासून हे वाटपही स्थानिक आरोग्य प्राधिकरणांकडे आलं. रस पातळ करायचा तो उकळून गार केलेल्या पाण्यात. गरम पाणी घातलं की क जीवनसत्त्व नासे आणि मग रस देण्यात अर्थ उरत नसे.

घटसर्पाची लसही याच क्लिनिकमध्ये टोचत. १९४० मध्ये ब्रिटनमध्ये घटसर्पाचे ६१,००० हून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि ३,२८३ माणसं दगावली. १९५७ मध्ये रुग्ण ३८ आणि मृत्यू सहा. या देखरेखीची साखळी तुटायची ती कुटुंबाने घर बदललं की. बाळाचं कार्ड जुन्याच बरोत पडून राही आणि नव्या ठिकाणी कोणाला पत्ता नसे.

प्रश्न : सासऱ्यांच्या १९५८ च्या भाडेपुस्तकात घरात राहू शकणाऱ्या माणसांची संख्या ‘अडीच’ लिहिली आहे. अर्धा माणूस कसा? (लेस्टर)

उत्तर : ही छपाईची चूक नाही. गर्दीचं हे मोजमाप १९३५-३६ च्या गृहनिर्माण कायद्यांमधलं आहे, आणि घरात किती माणसं चालतील तो आकडा भाडेपुस्तकात लिहिण्याची सक्ती होती.

आधी माणसं मोजायची. दहा वर्षांवरचा प्रत्येक जण एक. एक ते दहा वर्षांचं मूल अर्धं. वर्षाच्या आतलं बाळ मोजायचंच नाही.

मग घर दोन रीतींनी मोजायचं. पहिली रीत खोल्यांच्या संख्येची : एका खोलीत २, दोन खोल्यांत ३, तिनांत ५, चारांत साडेसात, पाचांत १० आणि पुढच्या प्रत्येक खोलीला २. दुसरी रीत क्षेत्रफळाची : ११० चौरस फूट किंवा जास्त असेल तर २ माणसं, ९० ते ११० ला दीड, ७० ते ९० ला १, ५० ते ७० ला अर्धा. पन्नास फुटांखालची खोली खोली म्हणून धरायचीच नाही. दोन्ही उत्तरांतलं लहान ते खरं.

समजा, घरात १२० आणि ६५ चौरस फुटांच्या दोन खोल्या आहेत. संख्येने येतात ३. क्षेत्रफळाने २ अधिक अर्धा, म्हणजे अडीच. लहान आकडा अडीच, तोच पुस्तकात. तुमच्या सासऱ्यांच्या घराचा हिशेब असाच काहीसा असणार. अशा घरात आई-वडील, चार वर्षांचं मूल आणि आठ महिन्यांचं बाळ राहत असेल तर बेरीज बरोबर अडीच. बाळाचा पहिला वाढदिवस झाला की बेरीज तीन आणि घर कायद्याने ‘गर्दीचं’!

तेवढ्याने कुटुंब गुन्हेगार मात्र ठरत नसे. मूल वयाने वाढल्यामुळे गर्दी झाली असेल आणि कुटुंबाने कौन्सिलकडे दुसऱ्या घरासाठी अर्ज केला असेल तर त्यांना संरक्षण होतं. म्हणून घराच्या अर्जाची पोच जपून ठेवणं फार महत्त्वाचं. तो कागद सासऱ्यांच्या पुस्तकात घडी घालून ठेवलेला असेल तर तोही सांभाळा.

या मोजमापात एक मोठी उणीव होती. झोपायला वापरता येईल अशी बसायची खोलीसुद्धा हिशेबात धरत. त्यामुळे कागदावर गर्दी नसलेल्या घरात रात्री टेबलखुर्च्या बाजूला सारून अंथरुणं पडत. शिवाय यात नळ आणि संडास यांचा विचारच नव्हता. तपासनीस त्याचा हिशेब वेगळ्या कलमांखाली करत. (या तपासनिसांचं ‘सॅनिटरी इन्स्पेक्टर’ हे नाव १९५६ मध्ये बदलून ‘पब्लिक हेल्थ इन्स्पेक्टर’ झालं.)

प्रश्न : पाश्चराइज्ड दूध खरंच तापवलेलं आहे की नाही, हे बरो कसं ओळखे? (कोल्हापूर)

उत्तर : फॉस्फटेज चाचणीने. कच्च्या दुधात हे विकर असतं आणि ६३ अंश सेल्सिअसला अर्धा तास किंवा ७२ ला पंधरा सेकंद तापवलं की ते नष्ट होतं. नमुन्यात ते सापडलं तर दूध कमी तापलं किंवा त्यात कच्चं दूध मिसळलं गेलं. भेसळीचा खटला भरायचा असेल तर नमुन्याचे तीन भाग करत : एक विश्लेषकाला, एक विक्रेत्याला आणि एक सीलबंद, वाद झाल्यास न्यायालयासाठी.

प्रश्न : एकट्या, आजारी म्हाताऱ्या माणसाला बरो जबरदस्तीने घरातून हलवू शके, असं वाचलं. हे कोणत्या आधारावर? (नाशिक)

उत्तर : नॅशनल असिस्टन्स अ‍ॅक्ट, १९४८, कलम ४७. पण त्याच्या अटी कडक होत्या. माणसाला गंभीर जुनाट आजार असला पाहिजे, किंवा वय, अशक्तपणा वा अपंगत्व यांमुळे तो घाणीत राहत असला पाहिजे. शिवाय त्याला स्वतःची काळजी घेता येत नाही आणि दुसरं कोणी घेतही नाही, हेही दिसलं पाहिजे. आरोग्य अधिकारी तसं लेखी देई, कौन्सिल न्यायालयात अर्ज करी आणि सात दिवसांची नोटीस द्यावी लागे. आदेश जास्तीत जास्त तीन महिन्यांचा, पुढे वाढवता येणारा. सहा आठवड्यांनंतर तो रद्द करण्याची मागणी करता येई. सात दिवसांत माणूस मरून जाईल अशी स्थिती असे, म्हणून १९५१ मध्ये दुरुस्ती झाली : आरोग्य अधिकारी आणि आणखी एका डॉक्टरने तातडी असल्याचं लिहून दिलं तर नोटीस न देता तीन आठवड्यांपर्यंतचा आदेश मिळू लागला.

अडचण होती ती दुसरीकडे. कलम ४७ चा अधिकार साध्या बरोलाही होता, पण वृद्धाश्रम काउंटीचे आणि खाटा रुग्णालय मंडळाच्या. घेणारी जागा तयार नसेल तर आदेश हातात असून उपयोग शून्य. त्यामुळे जाणता अधिकारी हे कलम अगदी शेवटी काढी. त्याआधी घरकामाची मदतनीस, नर्स आणि काही लंडन बरोंमध्ये अंथरूण ओलं करणाऱ्या वृद्धांचे कपडे धुऊन देणारी लॉन्ड्री हे सगळं वापरून बघे. आश्रमात जायला माणसं नाखूश असत, कारण पुष्कळ आश्रम जुन्या वर्कहाउसच्याच, म्हणजे निराधार गरिबांना ठेवून काम करवून घेणाऱ्या जागांच्या, इमारतीत होते. १९४८ मध्ये पेन्शन आठवड्याला २६ शिलिंग होती. त्यातले २१ आश्रमाला आणि पाच हातखर्चाला.

घरी गरम जेवण पोचवण्याचं काम मात्र कौन्सिलला स्वतः करताच येत नव्हतं! कायद्याने तिला फक्त स्वयंसेवी संस्थांना पैसे देता येत. डबे बहुतेक ठिकाणी डब्ल्यूव्हीएस (विमेन्स व्हॉलंटरी सर्व्हिस) या स्वयंसेवी संस्थेच्या बायका पोचवत, आणि जिथे स्वयंसेवक कमी तिथे आठवड्यातून एकदोनदाच. ही अट १९६२ च्या दुरुस्तीने उठली.

मला यात सगळ्यात खटकणारी गोष्ट वेगळी आहे. बाळ जन्मलं की ३६ तासांत कार्ड येई, घटसर्प झाला की डॉक्टरने आरोग्य अधिकाऱ्याला कळवणं सक्तीचं असे. म्हातारपण आणि एकटेपण कळवण्याची सक्ती कोणावरच नव्हती. खात्याला बातमी लागे ती दाराबाहेर दुधाच्या बाटल्या साठलेल्या दूधवाल्याने पाहिल्या तर, किंवा शेजारणीने येऊन सांगितलं तर.