वाचक विचारतात: कॉलेजची फी आणि दाखल्यांची फाईल

ह्या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्मी तरी एकाच काळजीची आहेत, मुलं अकरावी-बारावीत आहेत आणि पुढच्या फीचं कसं करायचं. मी २२ वर्षं ज्युनियर कॉलेजच्या ऑफिसात काउंटरवर बसले, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा. तीन पत्रं घेतलीत, पहिल्याचं उत्तर जरा लांबलंय.

ताई, आम्ही जत तालुक्यातले. चार एकर कोरडवाहू आणि दोन म्हशी. मुलगी अकरावी सायन्सला आहे, दहावीला ८७ टक्के होते. आम्ही ओबीसी. तिला इंजिनिअरिंग करायचंय. सगळे म्हणतात मुलींना आता सगळं फुकट झालंय. खरंय का? तिचे वडील म्हणतात बारावी होऊ दे, मग बघू. (एक आई)

आधी वडिलांना सांगा की बारावीनंतर बघायला वेळच नसतो हो. रिझल्ट, सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षेचा स्कोअर, कॅपचे म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांचे फॉर्म हे सगळं पाठोपाठ येतं आणि तेव्हा सेतू केंद्रापुढे अख्खा तालुका उभा असतो. आत्ता अकरावीचं वर्ष आहे ना, हेच कागदांचं वर्ष.

फुकट म्हणतात ते अर्धं खरंय. ८ जुलै २०२४ ला सरकारचा जीआर निघाला, ओबीसी, एसईबीसी (मराठा) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) मुलींना व्यावसायिक कोर्सची ट्युशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत पाहिजे. पण अ‍ॅडमिशन कॅप राउंडमधूनच झालेली हवी, मॅनेजमेंट कोट्यातून घेतली तर काही मिळत नाही. आणि हॉस्टेल, मेस, पुस्तकं, जाणं-येणं हा खर्च तुमचाच राहतो, तो आत्तापासून धरून चाला. सरकारी हॉस्टेलला अर्ज करूनही नंबर नाही लागला तर ओबीसी मुलांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजारांपर्यंत मिळतात, लहान शहरात त्याहून कमी. जिल्ह्याला जागा मोजक्या असतात म्हणून अर्ज सुरू झाले की पहिल्या आठवड्यातच भरून टाका.

आता कागद. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, जातीचा दाखला, नॉन क्रिमिलेअर (ओबीसीतल्या सधन गटात नसल्याचा दाखला) हे चार सेतूतून किंवा आपले सरकार पोर्टलवरून निघतात, ह्यात नॉन क्रिमिलेअरची मुदत तेवढी तारीख बघून तपासा. पण खरा घाम फोडते ती जात पडताळणी, म्हणजे व्हॅलिडिटी. बारावी सायन्सच्या मुलांचे अर्ज कॉलेजमार्फत जातात, ऑनलाईन भरायचा आणि मग कागदांचा गठ्ठा जिल्ह्याच्या समितीकडे. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, जात लिहिलेला. म्हणजे मुलीच्या आजोबांचा, नाहीतर चुलत आजोबांचा.

हा पुरावा बहुतेकांच्या गावातल्या झेडपी शाळेतच असतो, फक्त कुणी मागत नाही. हेडमास्तरांकडे जनरल रजिस्टर असतं, त्यातून प्रवेश-निर्गम उतारा मागायचा. आमच्याकडे एका मुलीच्या वडिलांनी आणला होता, लाल कापडी पुठ्ठ्याच्या रजिस्टरवरून हाताने उतरवलेला, शाळेचा गोल शिक्का, आजोबांची जन्मतारीख आणि जात स्पष्ट. पण आडनावाच्या जागी नुसतं बापाचं नाव, आडनाव लिहिलंच नव्हतं तेव्हा. त्या एका कारणाने वंशावळीचं अ‍ॅफिडेव्हिट आणि सातबारा-फेरफार गोळा करायला त्यांचे दोन महिने गेले. हेच जर जूनमध्ये कळलं असतं तर मुलीची जागा ओपनमध्ये गेली असती आणि फीमाफीही गेली असती. त्यांनी दिवाळीच्या सुट्टीतच सुरुवात केली होती म्हणून निभावलं. तुमच्या भावकीत कुणाची, सख्ख्या काकाची वगैरे व्हॅलिडिटी आधीच झाली असेल तर ती आधी मागून घ्या, काम निम्म्याने हलकं होतं. आणि मुदतवाढ मिळते दरवर्षी असं कुणी सांगितलं तर त्या भरवशावर राहू नका.

शेवटचं, बँकेचं खातं. महाडीबीटी ह्या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलचे पैसे मुलीच्या आधारला जे खातं सीड केलेलं, म्हणजे सरकारी पैसे जमा व्हायला जोडलेलं असतं त्यातच जातात, फॉर्मवर तुम्ही कुठलाही नंबर लिहा. माझ्या काउंटरवर एक मुलगा वर्षभर हेलपाटे घालत होता, स्कॉलरशिप मंजूर दाखवतंय पण पैसे येत नाहीत. शोधलं तर आठवीत शाळेने काढलेलं झिरो बॅलन्सचं खातं सीड होतं आणि ते कधीच बंद पडलेलं. पोराने फीसाठी आईचं मंगळसूत्र गहाण टाकलं होतं तोपर्यंत, मला अजून त्याचा चेहरा आठवतो. आधार लिंक आहे आणि आधार सीड आहे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बँकेत जाऊन "डीबीटीसाठी सीड आहे का" असंच विचारा, आणि आधारवरचा मोबाईल नंबर चालू ठेवा, ओटीपी त्यावरच येतो.

मी अकरावीत आहे, स्टेट बोर्ड. घरी क्लासची लाखभर फी परवडत नाही, मित्र म्हणतात क्लासशिवाय सीईटी होत नाही. (एक विद्यार्थी, परभणी)

होते रे बाळा, झालेली मुलं मी पाहिलीत. एमएचटी-सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही आणि साधारण ८० टक्के प्रश्न बारावीच्या सिलॅबसवर, २० टक्के अकरावीच्या. पुस्तक तेच, बालभारतीचं, त्यांच्या साईटवर पीडीएफ फुकट मिळते. अडतं ते वेळेला. मॅथ्सला ५० प्रश्न ९० मिनिटांत आणि प्रत्येकी २ मार्क, म्हणजे एकट्या मॅथ्सचे १०० आणि फिजिक्स-केमिस्ट्री मिळून १००. म्हणून रोज घड्याळ लावून २० गणितं सोडव, चुकलेली वेगळ्या वहीत लिही आणि रविवारी तीच परत कर. बोर्डाकडे दुर्लक्ष नको, इंजिनिअरिंगला पीसीएममध्ये (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ओपनला ४५ टक्के आणि राखीवला ४० टक्के लागतातच, सीईटीत भारी स्कोअर आणून इथे अडकलेली मुलं दरवर्षी असतात. कॉलेजच्या सरांना शंका विचारायला लाजू नकोस, विचारणारा मुलगा त्यांनाही आवडतो.

मी रिक्षा चालवतो, नाशिक. मुलगा बारावीला, आम्ही ओपन. कॅपमधून प्रायव्हेट इंजिनिअरिंग कॉलेज मिळेल असं वाटतंय. बँकेत विचारलं तर म्हणाले घराचे कागद आणा. घर भाड्याचं आहे. कर्ज काढावं का? (एक वडील)

दादा, कर्जाच्या आधी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ओपनच्या मुलालाही ट्युशन फीच्या निम्मी रक्कम मिळते, इथेही अट कॅपचीच. दरवर्षी महाडीबीटीवर रिन्युअल करावं लागतं, आणि फॉर्म सबमिट केला म्हणजे झालं असं नाही, तो कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनला पडून राहतो, तिथून पुढे गेला की नाही ते दर १५ दिवसांनी बघायला सांगा मुलाला. ईडब्ल्यूएसचा दाखलाही काढून ठेवा, त्याच्या जागा वेगळ्या असतात.

मग उरलेल्याला कर्ज. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला केंद्राची क्रेडिट गॅरंटी आहे, त्यासाठी घर तारण मागायचं कारण नाही, आईवडील सहकर्जदार असले की झालं. पुन्हा नाही म्हणाले तर कारण लेखी द्या म्हणा, नम्रपणे पण म्हणाच. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर मान्यताप्राप्त टेक्निकल कोर्सला शिकत असतानाचं आणि पुढच्या एका वर्षाचं व्याज केंद्र भरतं, उत्पन्नाचा दाखला त्यालाही लागतो. २०२४ पासून पीएम विद्यालक्ष्मी ही केंद्राची शैक्षणिक कर्जाची योजना पण आहे, पण ती निवडक वरच्या संस्थांसाठीच, मुलाचं कॉलेज यादीत आहे का ते आधी बघा.

व्याजाची सवलत बसलीच नाही तर हिशोब असा करा. वर्षाला १ लाख असं चार वर्षं उचललं, दर १० टक्के धरू. पहिल्या वर्षी व्याज १० हजार, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या ३०, चौथ्या ४०, आणि कोर्स संपल्यावर हप्त्याला सुट्टी असलेल्या वर्षाचे आणखी ४०. हप्ता सुरू होईपर्यंत ४ लाखांचे ५ लाख ४० हजार झालेले असतात. तेच पहिल्या वर्षी महिन्याला साडेआठशेच्या आसपास व्याज भरत गेलात आणि पुढे जमेल तसं वाढवलंत तर मुलाच्या डोक्यावर मुद्दलच राहतं. रिक्षाच्या रोजच्या गल्ल्यातून तीसेक रुपये बाजूला पडतात का ते घरात बसून बघा, पहिल्या वर्षाचं व्याज तेवढ्यात निघतं.