ऑपरेशनआधी पाणी चालतं का?

प्रश्न : सासूबाईंचं हर्नियाचं ऑपरेशन सकाळी ११ वाजता आहे. रात्रीपासून पाणीही बंद ठेवायचं का? सोलापूरचा उन्हाळा सोसत नाही.
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : भूल दिल्यावर पोटातलं अन्न वर येऊन फुप्फुसात जाण्याची भीती असते. साधं पाणी मात्र जठरातून लवकर पुढे सरकतं. म्हणून सकाळी ९ वाजेपर्यंत पाणी किंवा बिनदुधाचा चहा सहसा चालतो. घोळ होतो तो दुधाच्या चहाचा! तो अन्नातच मोजा, म्हणजे ६ तास आधी बंद, ताकही तसंच. शेंगाचटणी, तळलेलं, मटण यांना ८ तास. सेमाग्लुटाइडचं (मधुमेह किंवा वजन कमी करण्यासाठीचं औषध) इंजेक्शन चालू असेल, तर जठर सावकाश रिकामं होतं. भूलतज्ज्ञांना आधीच सांगा, मग वेळा तेच ठरवतील. रक्तदाबाच्या गोळ्यांतली कोणती घ्यायची, तेही त्यांनाच विचारा.