आयाबाई की परिचारिका?

प्रश्न : माझी आई ७३ वर्षांची असून वडिलांसोबत सोलापुरात साखर पेठेत राहते. दोन महिन्यांपूर्वी पक्षाघाताने तिची उजवी बाजू लुळी पडली. इन्सुलिन चालू आहे आणि लघवीची नळीही आहे. एका ब्युरोने दिवसाच्या बारा तासांसाठी ‘नर्स’ म्हणून बाई पाठवली, परंतु ती इन्सुलिनची सुई हातात घ्यायलाच घाबरते. आम्ही कोणाला ठेवावे? – एक वाचक, पुणे

उत्तर : न शिकता सुई टोचण्यापेक्षा त्या बाई घाबरल्या, हे बरेच झाले, चूक त्यांना परिचारिका म्हणून पाठवणाऱ्यांची आहे. एएनएम (सहायक परिचारिका व प्रसाविका) हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा व जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसूतिशास्त्र) हा तीन वर्षांचा असतो आणि त्यानंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी होते, म्हणून नर्सचे पैसे देताना नोंदणीचा दाखला अवश्य मागावा. मात्र आपल्या आईंना दिवसभर परिचारिकेची गरज दिसत नाही. अंग पुसणे, भरवणे, कूस बदलणे ही कामे मायेची आयाबाई उत्तम करील. नळी बदलायला परिचारिकेला बोलवावे आणि इन्सुलिन देणे वडिलांनी डॉक्टरांकडून शिकून घ्यावे.

मला खरी काळजी वाटते ती उरलेल्या बारा तासांची. अंथरुणाला टेकून जखमा होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते आणि रात्री वडिलांना एकट्याने ते जमणार नाही. एअर बेड (हवेची गादी) आणला तरी कूस बदलणे चुकत नाही, त्यामुळे खर्चाची ओढाताण असेल तर आधी रात्रीच्या सोबतीची सोय करावी. रोज सकाळी टाचा, माकडहाड आणि खुबे उजेडात पाहावेत. लाल डाग बोटाने दाबल्यावर फिका पडत नसेल, तर ती जखमेची सुरुवात समजून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. जाड सोलापुरी चादर पांघरायला ठेवावी, अंगाखाली मऊ सुती कापड सुरकुती न पडू देता अंथरावे. लघवीची पिशवी नेहमी कमरेच्या पातळीखाली असावी.

सत्तरीपुढील व्यक्तींना मिळणारे आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवावे, परंतु ते रुग्णालयातील उपचारांसाठी आहे, आयाबाईंचा पगार त्यातून निघत नाही.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा इन्सुलिन खिडकीत किंवा टीव्हीवर राहू देऊ नये. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यापासून दूर ठेवावी. आईंना दरदरून घाम सुटून हात थरथरू लागले, तर लगेच साखर तपासावी. ती ७० च्या खाली असेल आणि आईंना नीट गिळता येत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून बसवून पाजावी. गिळताना ठसका लागत असेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर तोंडात काहीही न घालता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.