काचकलाकाराचं रोजचं आयुष्य कसं असतं? आणि आपल्या भागातल्या कला-उपक्रमात भाग घ्यावा का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सोपं आहे: घ्यावा. फक्त संध्याकाळी गल्ला मोजून तो दिवस कारणी लागला की वाया गेला, हे ठरवू नका.

तुम्ही लिहिलंय की सध्या हौस म्हणून रंगीत काच कापता, थोडं फ्यूजिंग, म्हणजे काचेचे तुकडे भट्टीत वितळवून जोडणं, करता. तुमच्या भागातले काही चित्रकार आणि कुंभारकाम करणारे मिळून एक दिवस आपापले स्टुडिओ लोकांसाठी उघडे ठेवणार आहेत. त्यात तुम्ही सामील व्हावं का, आणि पुढेमागे हेच पूर्णवेळ करावं का, असा प्रश्न आहे. मी काच फ्यूज करते, अधूनमधून तांब्याच्या पट्टीचं स्टेन्ड ग्लासही, म्हणजे तुकड्यांच्या कडांना तांब्याची पातळ पट्टी लावून ते डाग देऊन जोडणं, करते. फुंकलेल्या काचेचं काम मी करत नाही, त्यामुळे त्यातलं मला विचारू नका.

काचकलाकार म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर लांब नळी आणि तिच्या टोकाचा लालबुंद गोळा येतो. माझा दिवस मात्र बहुतेक ओल्या हातांनी जातो. काच धुवायची, पुसायची, कापायची, ग्राइंडरवर पाण्यात कडा घासायच्या, परत धुवायची. बोटाचा ठसा किंवा कटरचं तेल राहून गेलं तर भाजल्यावर तिथे धुरकट डाग उमटतो, त्यामुळे धुण्याला पर्याय नाही. टेबलावरची काचेची पूड कोरड्या झाडूने झाडायची नाही, ओल्या फडक्याने टिपायची. ती पूड फुप्फुसात गेली की परत बाहेर काढता येत नाही, तेव्हा इथे आळस नको.

कापण्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण हौशी माणूस सगळ्यात जास्त काच इथेच वाया घालवतो. कटरचं चाक काचेवर फक्त एक बारीक चरा पाडतं. मग चऱ्याच्या दोन्ही बाजूंना बोटांनी दाब दिला की चीर त्या रेषेमागून धावते. चरा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, एका दमात गेला पाहिजे. दाब नेमका असेल तर कापड फाडताना येतो तसा सलग, बारीक आवाज येतो. रेषेवर पांढरी भुकटी उडायला लागली तर हात जड झालाय असं समजायचं. एकदा गेलेल्या रेषेवरून पुन्हा चाक फिरवायचं नाही, त्यात काचही बिघडते आणि चाकही. आत खोल वळणारा आकार एका फटक्यात निघत नाही, तो थोडा थोडा कुरतडत काढावा लागतो. काटकोनात आत शिरणारा कोपरा तर कटरने निघतच नाही. तिथे हट्ट धरण्यापेक्षा कागदावरची रेघ बदलावी. माझी कित्येक डिझाइनं काचेने नाकारल्यामुळेच बरी झाली आहेत.

कापून, रचून झालं की पुढचं वेळापत्रक भट्टी ठरवते. काचेचा आकार नुसता वाकवायचा असेल तर साधारण ६५० ते ६८० अंश सेल्सिअस, तुकडे एकमेकांना चिकटूनही उठावदार राहायला हवे असतील तर साडेसातशेच्या आसपास, आणि सगळं एकजीव सपाट व्हायला हवं असेल तर आठशेच्या पुढे. त्या तापमानाला काच आपली जाडी आपणच ठरवते: मोकळी सोडलेली वितळती काच सुमारे ६ मिलिमीटरवर येऊन थांबते. ३ मिलिमीटरचा एकच थर पूर्ण वितळू दिला तर तो कडांकडून आत ओढला जातो, चौकोनाच्या बाजू पोटात गेल्यासारख्या दिसतात. दोन थर ठेवले की आकार टिकतो. तीन-चार ठेवले आणि बांध घातला नाही तर काच बाहेर पसरते.

त्यानंतर येतं थंड करणं, ज्याला सगळे अॅनीलिंग म्हणतात. काचेचा बाहेरचा भाग आधी निवतो, आतला मागून, आणि हा फरक जास्त असेल तर ताण आतच अडकून बसतो. अशी वस्तू भट्टीतून अख्खी निघते आणि चार दिवसांनी कपाटात आपोआप तडकते. म्हणून पाचशे अंशांच्या आसपास तिला थांबवायचं, सगळ्या जाडीत तापमान सारखं होऊ द्यायचं, मग सावकाश खाली आणायचं. जाडी दुप्पट केली की हा वेळ दुप्पट नाही, जवळपास चौपट होतो. पालोमार वेधशाळेच्या २०० इंची दुर्बिणीच्या आरशाची तबकडी १९३४ साली कॉर्निंग कंपनीत ओतली गेली, तेव्हा ती थंड करायलाच साधारण दहा महिने लागले होते. आपली बशी एका रात्रीत होते, पण त्या रात्री झाकण उचलून डोकावण्याचा मोह आवरावा लागतो. पूर्णवेळ काम करायचं म्हणजे हे थांबणं अंगवळणी पडायला हवं. एका भट्टीत एका वेळी मावेल तेवढंच काम होतं, ऑर्डर कितीही असोत.

रंगही शेवटी भट्टीच ठरवते. कोबाल्टचा निळा गरीब गायीसारखा वागतो. सोन्याचा अंश असलेली गुलाबी काच भाजण्याआधी कधी कधी जवळपास रंगहीन दिसते आणि भट्टीतून गुलाबी होऊन बाहेर येते. सोन्यामुळे ती महागही असते, म्हणून तिचे चिंधीएवढे तुकडेसुद्धा मी डबीत जपून ठेवते. गंधक असलेली पिवळी काच आणि तांबं असलेली फिरोजी काच शेजारी ठेवून भाजली तर जोडावर काळपट तपकिरी रेघ उमटते. ज्याला माहीत नाही त्याचं काम त्यात बिघडतं, ज्याला माहीत आहे तो त्याच रेघेने चित्र काढतो. मला या धंद्यातला हा भाग सगळ्यात आवडतो. नमुन्यांच्या छोट्या चौकोनी चकत्या भाजून त्यांच्यामागे तापमान लिहून ठेवणं हे बाहेरून कंटाळवाणं वाटेल, पण नवं काही सुचतं ते तिथेच. कोरा कागद समोर घेऊन मला तरी काही सुचत नाही.

आता तुमच्या उपक्रमाकडे येते. काच आणि शेजारी यांचं नातं जुनं आणि जरा वाकडं आहे. व्हेनिसने १२९१ साली आगीच्या भीतीने काचेच्या भट्ट्या शहरातून काढून मुरानो बेटावर पाठवल्या. पुढे कित्येक शतकं काच म्हणजे कारखाना, मजुरांची फळी आणि मालकाची गुपितं असंच राहिलं. १९६२ साली अमेरिकेत टोलेडोच्या कला संग्रहालयाच्या आवारातल्या एका गॅरेजमध्ये हार्वे लिटलटन या कुंभारकामाच्या शिक्षकाने कार्यशाळा भरवली. एकट्या कलाकाराला चालवता येईल अशी छोटी भट्टी शक्य आहे का, हे तिथे करून बघितलं गेलं. पहिला काचेचा घाणा नीट वितळला नाही. तेव्हा डॉमिनिक लॅबिनो या काचतज्ज्ञाने काचतंतू बनवण्यासाठी वापरतात त्या काचेच्या गोट्या वितळवायला सुचवलं, आणि काम झालं. स्टुडिओ ग्लासची चळवळ तिथून सुरू झाली असं मानतात. घरामागच्या खोलीत काच करणारे आपण सगळे त्या गॅरेजचे देणेकरी आहोत. एके काळी शेजाऱ्यांच्या भीतीने हद्दपार झालेलं हे काम आता शेजाऱ्यांना दार उघडून दाखवता येतं, तर दाखवावं.

आणि काचेला याची गरज चित्रापेक्षा जास्त आहे. चित्राचा फोटो बऱ्यापैकी चित्रासारखा दिसतो. काचेचा फोटो म्हणजे एका क्षणी एका कोनातून आलेला उजेड. माणूस दोन पावलं सरकला की तीच काच वेगळी दिसते, आणि हे सरकणं मोबाइलवर होत नाही. माझ्याकडे मोठं काम मागायला आलेल्या बहुतेकांनी ते आधी कुठेतरी प्रत्यक्ष पाहिलेलं असतं. त्या दिवशी मात्र यातल्या बऱ्याच जणांनी काहीही घेतलेलं नसतं. नुसते रेंगाळलेले असतात, कोणी बाळाला कडेवर घेऊन, कोणी कुत्र्याची दोरी सांभाळत. महिन्यांनी कधीतरी फोन येतो की दाराच्या वरच्या झडपेसाठी काहीतरी हवंय.

मांडणी करताना आधी उजेड बघा, टेबलक्लॉथ नंतर. त्या जागी सकाळी कुठून आणि दुपारी कुठून ऊन येतं हे आदल्या आठवड्यात जाऊन पाहून या. पारदर्शक कामाच्या मागून उजेड हवा, अपारदर्शक कामावर समोरून. मागे भिंत असेल तर पांढरा पातळ पडदा आणि त्यामागे दिवा लावा. लटकवलेल्या वस्तू वाऱ्याने एकमेकांवर आपटणार नाहीत इतकं अंतर ठेवा. एक गोष्ट लोकांना पटत नाही पण खरी आहे: भरीव, गोल, पारदर्शक काच उन्हात ठेवली तर ती भिंगाचं काम करते आणि खालचं कापड जाळू शकते. पेपरवेट आणि गोळे सावलीत.

'हात लावू नये' अशी पाटी लावू नका. त्याऐवजी मुद्दाम हाताळायला चार तुकडे पुढे ठेवा: एक कच्च्या कडेचा पण घासून सुरक्षित केलेला, एक चिकटवून भाजलेला, एक पूर्ण एकजीव झालेला, आणि एक तडकलेला. तडकलेल्या तुकड्याभोवतीच सगळ्यात जास्त गप्पा होतात. प्रसरणाचा हिशेब तिथे सहज सांगता येतो. कलाकारांसाठीच्या फ्यूजिंगच्या काचा बहुतेक ९० किंवा ९६ अशा प्रसरणांकाच्या (तापल्यावर काच किती फुगते तो आकडा) येतात. दोन्ही एकत्र भाजल्या तर निवताना एक जास्त आकसते, एक कमी, आणि जोड फाटतो. मग कोणीतरी हमखास विचारतं, 'आमच्या घरी रिकाम्या बाटल्या पडल्यात, देऊ का?' एकाच बाटलीची काच स्वतःशी छान जुळते, दुसऱ्या कशात मिसळू नये, हे उत्तर तोपर्यंत त्यांना कळण्यासारखं झालेलं असतं.

'याला किती वेळ लागला?' हा प्रश्न दिवसभर येत राहील. माझं मत असं की तासांचा आकडा सांगू नये. लोक लगेच मनात भागाकार करतात. त्याऐवजी कापणं, रचणं, भाजणं, थंड होणं अशी त्या वस्तूची वाट दाखवावी, जमलं तर अर्धवट अवस्थेतली तशीच वस्तू शेजारी ठेवून.

मुलांसाठी काही ठेवणार असाल तर कटर आणि सोल्डर (तुकडे जोडायला वितळवतात तो मिश्रधातू) दोन्ही आत ठेवा. नेहमीच्या ६०-४० सोल्डरमध्ये चाळीस टक्के शिसं असतं. ते मुलांच्या हाती जाता कामा नये, आणि आपणही ते हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये. मुलांना काचेच्या छोट्या चकत्या, कडा गोल केलेल्या, आणि तळाला एक तयार चौकोन द्या. गोंदाच्या थेंबाने त्यांना हवं ते चिकटवू दे. हे चौकोन भट्टीत जाऊन यायला निदान एक रात्र लागणार, म्हणजे ते न्यायला आईबाप पुन्हा येणार. गर्दी ओसरल्यावरची ही दुसरी भेट पहिलीपेक्षा किती तरी कामाची असते. चौकोनावर नाव लिहायला शाईचा पेन वापरू नका, भट्टीत शाई जळून जाते. प्रत्येक चौकोनाची जागा कागदावर काढून ठेवा.

या उपक्रमांची एक बाजू मला खटकते, तीही सांगते. चार ठिकाणी स्टॉल लावला की हात आपोआप तेच करायला लागतात जे पटकन उचललं जातं: कानातलं, बशा, खिडकीत टांगायचे पक्षी. त्यात कमीपणा काही नाही, भट्टीचं बिल त्यांच्यावरच निघतं. पण वर्षभर तेवढंच केलं तर नमुन्यांच्या चकत्यांना हात लागत नाही. म्हणून प्रत्येक वेळी एक तरी काम असं ठेवावं जे विकायचं नाही आणि जे पाहून लोक गोंधळात पडतील. पुढचं मोठं काम बहुतेक त्यावरून ठरतं.

आणि सही. छोट्यातल्या छोट्या वस्तूवरही कोरण्याच्या सुईने सही करा. न्यूयॉर्कच्या टिफनी स्टुडिओ या काचकामाच्या कंपनीच्या व्याध पतंगाच्या आणि विस्टेरियाच्या वेलींच्या जगप्रसिद्ध दिवाछत्र्या क्लारा ड्रिस्कॉल यांनी डिझाइन केल्या होत्या. काच कापणाऱ्या बायकांचा विभाग त्या सांभाळायच्या. हे लोकांपुढे नीट यायला त्यांची जुनी पत्रं सापडावी लागली, आणि न्यूयॉर्कमध्ये त्यावर प्रदर्शन भरलं ते २००७ साली.

पूर्णवेळ उतरायचं का, यावर मी हो किंवा नाही म्हणणार नाही, तुमचा खर्च मला माहीत नाही. पण तो निर्णय घेण्याआधी तीन गोष्टी तपासा. घरातली वीजजोडणी भट्टीचा भार पेलते का, हे इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. भट्टीभोवती मोकळी जागा आणि हवा खेळती आहे का, ते बघा. आणि वर्षातले सण-सुट्ट्यांचे महिने सोडले तर बाकीच्या काळात पैसे कुठून येणार: शिकवणी, दुरुस्ती, की ऑर्डरची कामं? माझं बरंचसं जुन्या खिडक्यांच्या दुरुस्तीवर चालतं, आणि त्या कामाचे पहिले पत्ते मला एका खुल्या स्टुडिओच्या दिवशीच मिळाले होते. तेव्हा टेबलावर एक वही आणि पेन ठेवा, लोक नाव लिहून जातात.