शाकाहारी सासूबाई, कोशर रेस्टॉरंट आणि ‘डेअरी’ हा शब्द

तुम्ही लिहिलंय की ऑगस्टमध्ये सासू-सासरे न्यूयॉर्कला येताहेत, सासूबाईंना अंडंसुद्धा चालत नाही, आणि यजमानांच्या ऑफिसातल्या ज्यू सहकाऱ्यांनी सगळ्यांना कोशर रेस्टॉरंटात जेवायला बोलावलंय. ‘कोशर म्हणजे व्हेजच ना?’ हा तुमचा पहिला प्रश्न. ‘नंतर आपण त्यांना घरी बोलावलं तर ते आपलं शाकाहारी जेवण जेवतील ना?’ हा दुसरा. दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. तरीही आमंत्रण जरूर घ्या. मी न्यू जर्सीत बावीस वर्षं राहतेय. माझे आईबाबा दर दोन वर्षांनी येतात आणि आईचे नियम तुमच्या सासूबाईंसारखेच आहेत. तिला मी ज्या ठिकाणी सर्वांत निर्धास्तपणे नेते, त्यांतली निम्मी तरी कोशर आहेत. फक्त कोणतं कोशर ते कळायला हवं.

कोशर म्हणजे ज्यू धर्मशास्त्रानुसार खायला चालणारं. गाय, बकरी, मेंढी, कोंबडी ठरलेल्या पद्धतीने कापलेली असेल तर चालते. डुक्कर, कोळंबी, खेकडा चालत नाही. म्हणजे कोशर रेस्टॉरंट अस्सल मांसाहारी असू शकतं आणि पुष्कळदा असतंच. पण तोरामध्ये, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात, एक आज्ञा तीन वेळा आली आहे: करडाला त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये. या एका वाक्यावरून दूध आणि मांस कधीही एकत्र आणायचं नाही, असा नियम पक्का झाला. एका ताटात नाही, एका भांड्यात नाही, एका जेवणातही नाही. मांस खाल्ल्यावर दुधाचा पदार्थ खायला बरेच जण सहा तास थांबतात. त्यामुळे कोशर रेस्टॉरंट एकतर ‘मीट’ असतं, नाहीतर ‘डेअरी’.

आपल्याला हवंय ते डेअरी. हिब्रूत त्याला ‘खलावी’ म्हणतात, मांसवाल्याला ‘बसारी’. ज्या स्वयंपाकघरात चीज आणि लोणी आलं, तिथे मांसाला दार कायमचं बंद. तुमच्या सासूबाईंची खरी चिंता काय असणार, तर ‘त्याच कढईत तळलं असेल, तोच झारा बुडवला असेल’. मिश्र भारतीय रेस्टॉरंटात याचं खात्रीलायक उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही. कोशर डेअरी रेस्टॉरंटात ते भिंतीवर फ्रेम करून लावलेलं असतं. त्या प्रमाणपत्रावर देखरेख करणाऱ्या संस्थेचं नाव असतं आणि ‘डेअरी’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. चिकनचा तुकडा आत आला तर ते प्रमाणपत्र जाईल, त्याबरोबर गिऱ्हाईकही जाईल. आईला मी हे सोवळ्याच्या भाषेत सांगितलं आणि तिला एका मिनिटात पटलं.

आता मासे. ज्यू नियमात मासा ‘मांस’ धरला जात नाही, म्हणून डेअरी रेस्टॉरंटात मासे सर्रास असतात. बेगलवर क्रीम चीज आणि सामन ही तर तिथली ओळखच. पहिल्याच वर्षी मी आईला एका ठिकाणी नेलं, ‘इथे मांस शिजतच नाही’ असं छातीठोक सांगितलं आणि तिच्यासाठी सीझर सॅलड मागवलं. त्या ड्रेसिंगमध्ये अँचोव्ही, म्हणजे बारीक खारवलेले मासे असतात. अर्धं खाऊन झाल्यावर मला मेनूच्या तळाशी ते दिसलं. तिने बशी बाजूला ठेवली, काही बोलली नाही, आणि संध्याकाळी उपास केला. ते मला अजून टोचतं. म्हणून कळकळीने सांगते: सीझर ड्रेसिंग नको, वूस्टर सॉस असलेलं काही नको (त्यातही अँचोव्हीच असतात), आणि तळलेला पदार्थ मागवण्याआधी ‘याच तेलात मासा तळता का?’ हे विचाराच. तिथे या प्रश्नाचा कुणाला राग येत नाही. अन्नाबद्दल खोदून विचारणारी गिऱ्हाइकं त्यांना रोजचीच.

अंडं त्याहून लपलेलं असतं. खाला हा वेणी घातलेला पाव बहुधा अंड्याचा असतो आणि वरूनही अंडंच फासतात. ब्लिंट्झ या सारण भरलेल्या घावनाचं आवरण, लाटके म्हणजे बटाट्याची तळलेली थालिपिठं, कुगेल म्हणजे नूडल्सची भाजलेली वडी, सगळ्यांत अंडं. इथे ‘पार्वे’ हा शब्द आपल्या लोकांना हमखास फसवतो. पार्वे म्हणजे ज्यात मांसही नाही आणि दूधही नाही. ऐकायला अगदी व्हीगन वाटतं, पण अंडं आणि मासा दोन्ही पार्वेतच मोडतात. पार्वे केकमध्ये लोणी नसतं, अंडी मात्र असतात. पाकिटांवरही हे लक्षात ठेवा. गोलात ‘यू’ ही कोशरची एक खूण, आणि तिच्या शेजारी ‘डी’ म्हणजे डेअरी. त्याच ‘यू’शेजारी ‘पी’ दिसला तर तो पार्वेचा नव्हे, पासओव्हर सणाला चालतं याचा. कोशर मार्शमेलोत जिलेटिन माशाचं किंवा गुरांचं असू शकतं, तेव्हा नुसती कोशरची खूण बघून मुलांच्या हातात देऊ नका. चीजमध्ये हल्ली बहुतेक ठिकाणी सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट (दूध गोठवायचं विरजण, पूर्वी ते वासराच्या पोटातून काढत) वापरतात, पण सासूबाई त्याबाबतीत कडक असतील तर चीज टाळलेलंच बरं.

मग मागवायचं काय? सर्वांत सोपं म्हणजे कोशर पिझ्झाचं दुकान. चीज आलं म्हणजे ते डेअरीच, त्यामुळे पेपरोनी किंवा सॉसेज तिथे असूच शकत नाही. बहुतेक दुकानांत पिझ्झ्याबरोबर फलाफल, हुमुस आणि फ्राइजही मिळतात. काचेआड ट्यूनाचं सॅलड असतं, तेवढं सोडा. आईला तिथलं फलाफल इतकं आवडतं की ‘हे आपले डाळवडेच’ म्हणत ती दोन प्लेटी संपवते.

सासऱ्यांना जुनं न्यूयॉर्क बघायची हौस असेल तर ईस्ट व्हिलेजमध्ये सेकंड अव्हेन्यूवर ‘बी अँड एच डेअरी’ आहे. १९३८ पासून चालू. एका वेळी जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट, लांब काउंटर, फिरती स्टुलं. त्या भागात एकेकाळी ज्यूंची डेअरी रेस्टॉरंट्स जागोजागी होती. त्यांतलं हे उरलेलं. २०१५ मध्ये जवळच्या इमारतीत गॅसचा स्फोट झाल्यावर ते कित्येक महिने बंद होतं, आणि लोकांनी पैसे गोळा करून त्याला पुन्हा उभं राहायला मदत केली. मालक इजिप्तचे मुस्लिम, त्यांची बायको पोलंडची कॅथलिक, आणि स्वयंपाक ज्यू डेअरी पद्धतीचा. तिथलं बोर्श्ट, म्हणजे बीटचं सूप, आणि मटारचं सूप बाबांना फार आवडतं. पण खाला अंड्याचा असतो आणि मासेही मिळतात, हे वर सांगितलेलं तिथेही लागू. शिवाय ते शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या ‘शब्बाथ’लाही, उघडं असतं, म्हणून कडक पाळणारे ज्यू तिथे जेवत नाहीत. तुमच्या सहकाऱ्यांबरोबर जायची ती जागा नव्हे.

त्यांच्याबरोबर जायला माझी पहिली पसंती लेक्सिंग्टन अव्हेन्यूची. अठ्ठाविसाव्या रस्त्याच्या आसपासच्या भागाला लोक ‘करी हिल’ म्हणतात. तिथे शुद्ध शाकाहारी दक्षिण भारतीय रेस्टॉरंट्स आहेत आणि त्यांतल्या काहींनी कोशरचं प्रमाणपत्र घेतलेलं आहे. ‘पोंगल’ हे त्यातलं जुनं नाव. इडली, डोसा, उत्तपा. ना मासा, ना अंडं. एकाच टेबलावर तुमच्या सासूबाई आणि यजमानांचे सहकारी, आणि दोघांनाही काही वगळून खावं लागत नाही. हे दृश्य मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. चायनीज खायचं असेल तर मॉट स्ट्रीटवरचं ‘बुद्धा बोदाई’ कोशर आणि शाकाहारी आहे. करी हिलला गेलात तर ‘कालुस्त्यान्स’ या मसाल्यांच्या दुकानातही डोकवा. १९४४ पासूनचं दुकान, आणि त्याच इमारतीत १८८१ मध्ये चेस्टर आर्थर यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली होती. सासऱ्यांना हे सांगितलंत की ते इमारत बघायलाच अर्धा तास थांबतील.

पण इथेही एक पेच आहे, आणि त्यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. आपल्याला वाटतं, मांसच नाही तर अडचण कसली? अडचणी पुष्कळ आहेत. पालेभाजी, फ्लॉवर, ब्रोकोली यांत किडा राहून गेला तर ते अन्न कोशर नाही, म्हणून कोशर स्वयंपाकघरात भाजी निरखून, धुऊन, पुन्हा तपासून घेतात. (तुमच्या ओळखीत जैन कुटुंबं असतील तर त्यांना हे आवर्जून सांगा, कांदा-लसूण मात्र तिथे भरपूर असतो.) द्राक्षांपासून केलेली वाइन आणि तिचं व्हिनेगर यांना वेगळे नियम. चीजला वेगळे. आणि शिजवलेल्या अन्नात ज्यू माणसाचा हात लागावा असाही नियम आहे. निदान शेगडी तरी त्याने पेटवावी. म्हणून प्रमाणपत्र घेतलेल्या भारतीय रेस्टॉरंटात देखरेख करणारा माणूस, म्हणजे ‘मश्गीआख’, येऊन शेगडी पेटवून जातो. तरी मालक ज्यू नाही आणि शनिवारी धंदा चालू आहे, एवढ्यावरून काही जण ते प्रमाणपत्रही मानत नाहीत. कुणाचं चालतं आणि कुणाचं नाही हे त्यांचं तेच जाणतात. त्यामुळे जागा तुम्ही सुचवा, पण ‘तुम्हाला इथलं प्रमाणपत्र चालतं का?’ हे आधी विचारा. प्रमाणपत्रं बदलतातही, तेव्हा फोन करून खात्री करा.

घरी बोलावलंत आणि ते जेवले नाहीत तर मनाला लावून घेऊ नका. तुमची कढई त्यांच्या नियमात बसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. अख्खी, न चिरलेली फळं, कोशरची खूण असलेलं बंद पाकीट, कागदी बशा आणि काळा चहा, एवढ्यावर माझ्या घरी एक कुटुंब तीन तास गप्पा मारत बसलं होतं.

हे सगळं मला परकं वाटलं नाही, त्याला एक कारण आहे. माझं आजोळ अलिबागचं, इस्राएल आळीजवळ. बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडचे मराठी ज्यू, कोकणात पिढ्यानपिढ्या तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणे. मटणात दही नाही, नारळाचं दूध. गोड करायचं तर तेही नारळाच्या दुधातच, म्हणजे दूध आणि मांस एकत्र यायला नको. आजीच्या शेजारी मलिदा झाला की आमच्याकडे वाटी यायची: भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, फळं. एलियाहू पैगंबरांच्या नावाने केलेला तो मलिदा आजी बिनधास्त खायची. सासूबाईंना तिथल्या ‘ज्यू जेवणा’ची धास्ती वाटत असेल तर त्यांना हे सांगून बघा. ही बेने इस्राएल मंडळी आपल्याच अलिबाग, पेण, रोह्याची, आणि त्यांतली कित्येक घरं आज इस्राएलमध्ये मराठी बोलतात.

आता तारखेचं. शुक्रवारी सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी ज्यूंची रेस्टॉरंट्स बंद होतात ती शनिवारी रात्रीपर्यंत, म्हणून रविवार ते गुरुवार यांतलाच वार धरा. तुम्ही ऑगस्ट म्हणताय. जुलै-ऑगस्टमध्ये त्यांच्या ‘आव’ महिन्याचे पहिले नऊ दिवस येतात, तेव्हा पाळणारे लोक शब्बाथ सोडून मांस खात नाहीत आणि डेअरी रेस्टॉरंट्स भरून वाहतात. नवव्या दिवशी तर कडक उपास असतो, पाणीसुद्धा नाही. ते दिवस दरवर्षी पुढेमागे होतात, त्यामुळे दिवस त्यांनाच ठरवू द्या. टेबल आधी राखून ठेवा आणि राखतानाच ‘आमच्यापैकी एकीला अंडं आणि मासा दोन्ही चालत नाही’ असं सांगून टाका.