कोर्सच्या नावाला भुलू नकोस

अगं, एका सेमिस्टरसाठी जर्मनीला निघालीस ना, मग आधी मोड्यूल हँडबुक, म्हणजे तिकडच्या विद्यापीठाची विषयांची माहितीपुस्तिका, उघड. मी नुसत्या नावावर गेलो आणि ‘इंट्रोडक्शन’ म्हणवणाऱ्या विषयात पहिल्याच तासाला गटांगळ्या खाल्ल्या. पूर्वअट काय, शिकवणार कुठल्या भाषेत, परीक्षा तोंडी की लेखी, ते बघ. तिकडे सेमिस्टरला साधारण ३० ईसीटीएस (युरोपातली अभ्यासाचा भार मोजायची पद्धत) क्रेडिट, आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम, घरचा अभ्यास धरून. म्हणजे सहा क्रेडिटचा विषय किमान दीडशे तास खातो! निवडलेले विषय इथल्या विभागप्रमुखांकडून लेखी मंजूर करून घे. तोंडी ‘हो हो’वर विमानात बसू नकोस. दोन जादा विषय हाताशी असू देत, जागा भरतात. आणि काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मन भाषेच्या वर्गांची चौकशी आत्ताच कर. चर्चगेट लोकलमध्ये शब्द पाठ होतात, माझे झाले. तेही विरारहून उभ्याने.