नव्या सुविधेची ओळख कधी करून द्यावी?

प्रश्न : आमची लहान कंपनी सहकारी पतसंस्थांसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर तयार करते. मुदतठेवीच्या नूतनीकरणाची नवी सुविधा दिली, तेव्हा लॉगिन करताच पडद्यावर नऊ पायऱ्यांची मार्गदर्शक टूर सुरू होईल, अशी सोय आम्ही केली. कर्मचारी मात्र ‘पुढे, पुढे’ दाबून ती संपवतात आणि दुपारी तेच विचारायला फोन करतात. त्यांतले बहुतेक फोन ‘रोलओव्हर’ या बटणाविषयी असतात. टूर अधिक आकर्षक करावी की काढून टाकावी?
— एक वाचक, सातारा

उत्तर : काढू नका, तिची वेळ बदला. सकाळी काउंटर उघडताना समोर खातेदार उभे असतात आणि रोखपालाला दिवसाची आरंभीची शिल्लक जुळवायची असते; त्या घडीला नूतनीकरण शिकण्याची त्याला गरज नसते. यात कर्मचाऱ्यांचा आळस मुळीच नाही. जॉन कॅरल आणि मेरी बेथ रॉसन या संशोधकांनी १९८७ साली हेच मांडले होते, की माणसे आधी शिकून मग कामाला लागत नाहीत. हातातले काम उरकता उरकताच ती शिकतात. त्याआधी, १९८४ मध्ये, आयबीएम या संगणक कंपनीत कॅरल यांनी मजकूर टंकण्याच्या एका संगणक प्रणालीतील अवघड आज्ञा नवशिक्यांसाठी बंद ठेवून पाहिल्या, आणि सायकलच्या आधारचाकांसारख्या त्या बंधनामुळे नवशिके लवकर शिकले.

म्हणून मुदत संपलेली ठेव कर्मचारी पहिल्यांदा उघडेल, तेव्हाच टूर सुरू व्हावी. तिच्यात तीनच पायऱ्या ठेवा आणि पुढची पायरी ‘पुढे’ दाबल्याने नव्हे, तर खरे बटण दाबल्यावर, खरी तारीख भरल्यावर यावी. एस्केप कळीने ती कधीही बंद करता यावी, आणि ‘मदत’ या यादीत ती कायम सापडावी.

एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्या, कारण ती हमखास निसटते. टूर पाहिल्याची नोंद ब्राउझरमध्ये ठेवली असेल, तर एकाच संगणकावर आळीपाळीने बसणाऱ्या दोघांपैकी पहिल्याने ती बंद करताच दुसऱ्याला ती कधीच दिसणार नाही. ही नोंद सर्व्हरवर, प्रत्येकाच्या लॉगिननुसार ठेवावी. तसेच टूरची प्रत्येक पायरी बटणाच्या जागेशी न बांधता त्याला कोडमध्ये दिलेल्या, न बदलणाऱ्या ओळखनामाशी (आयडी) बांधावी. नाहीतर पुढच्या आवृत्तीत बटण सरकले की टूरमधला बाण रिकाम्या जागेकडे रोखलेला दिसतो.

टूर कितीजणांनी पूर्ण केली, हे मोजून फारसे हाती लागत नाही. पहिले नूतनीकरण कितीजणांनी फोन न करता पार पाडले, हे मोजा. आणि हे सारे करण्याआधी ‘रोलओव्हर’ हे नाव बदला. काउंटरवर ‘पावतीचे नूतनीकरण’ असेच म्हणतात. बटणावर तेच लिहिले, तर कदाचित तीनपैकी एक पायरी आपोआपच गळून पडेल.